अठराचा पाढा आणि अक्काची शुगर

परवा सकाळी फिरायला गेले होते, तेव्हा आमच्याच गल्लीतल्या एका गृहस्थांनी थांबवलं. वय माझ्याएवढंच, सत्तरीच्या पुढचं. त्यांची दोन्ही मुलं माझ्या हाताखालून गेलेली, त्यामुळे तेही मला बाईच म्हणतात. म्हणाले, "बाई, घरी शुगर तपासायचं कुठलं मशीन चांगलं हो? मुलगा ऑनलाइन मागवतोय, नाव विचारत होता."

मी म्हटलं, "नाव नंतर सांगते. आधी तुमचे हात बघू."

त्यांना वाटलं, बाई रिटायर झाल्यावर हस्तरेषा बघायला लागल्या! पण मी खरंच हात बघितले. उजव्या हाताला बारीक कंप. बोटांची पेरं सुजलेली. मग खिशातला मोबाइल काढायला लावला आणि विचारलं, चष्म्याशिवाय किती वाजले ते दिसतं का? नाही दिसलं. "मुलाला सांगा," मी म्हटलं, "नाव शोधत बसू नको, बाबांना घेऊन दुकानात जा."

हे शहाणपण मला उपजत आलेलं नाही. त्याची किंमत माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, मोजली. तीच गोष्ट आज सांगणार आहे. लंडनचा भाचा हे वाचणारच, तर त्याला आधीच सांगते, बाबा रे, रागावू नकोस. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

अक्का चिपळूणला असते, एकटी. वय ७९. मधुमेह पंचवीस वर्षांचा जुना, गेली सहा-सात वर्षं इन्शुलिन. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झालेत, आतल्या पडद्यावर लेसर झालंय. बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, कधी कधी तर हातात धरलेली सुई हातात आहे हेच कळत नाही. पण बाई ताठ आहे. लंडनला जाऊन राहा म्हटलं तर म्हणते, "तिथे मी भांडू कोणाशी?"

२०२४च्या मे महिन्यात भाचा आला, तो आईसाठी शुगरचं मशीन घेऊन. काय देखणं होतं! काळं कुळकुळीत, काडेपेटीपेक्षा जरा मोठं, जपमाळेसारखं मुठीत मावणारं. ब्लूटूथ होतं, म्हणजे आकडा मोबाइलवर जाणार, तिथून आलेख होऊन लंडनला दिसणार. स्ट्रिपांचे सहा डबे बरोबर. आठवडाभर त्याने स्वतः रोज आईची शुगर तपासली. निघताना म्हणाला, "आई, एकच लक्षात ठेव. जो आकडा येईल त्याला अठराने गुणायचं."

हे अठराचं प्रकरण काय ते सांगते, कारण परदेशातून मशीन पाठवणाऱ्या पुष्कळ मुलांना आणि ते वापरणाऱ्या आईवडिलांना ते माहीत नसतं. आपल्याकडे रक्तातली साखर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये सांगतात. लॅबच्या कागदावर ११० किंवा १८० असतं ते हेच. अमेरिकेतही असंच. पण इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इकडे मिलिमोल प्रति लिटर चालतं. आपली ९० तिथे ५, आपली १८० तिथे १०. म्हणून तिथल्या आकड्याला अठराने गुणलं की आपला आकडा मिळतो. अक्काच्या मशीनमध्ये हे एकक बदलायची सोयच नव्हती.

मग आली आषाढी एकादशी, १७ जुलै २०२४. अक्काने आयुष्यात आषाढी चुकवलेली नाही. दुपारी थोडे वऱ्याचे तांदूळ, संध्याकाळी कपभर दूध. इन्शुलिन मात्र रोजच्याएवढंच घेतलं, कारण औषध चुकवायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं! रात्री साडेअकराला तिला दरदरून घाम फुटला. बाहेर धो धो पाऊस आणि हिचं पातळ भिजलेलं. हात थरथरायला लागले. शुगरचंच काहीतरी असणार एवढं तिला कळलं आणि तिने मशीन काढलं.

पहिली स्ट्रिप हातातून पडली, ती सापडलीच नाही. दुसरी उलटी गेली. तिसरीला रक्त पुरलं नाही. चौथीवर आकडा आला. आधी तो ३१ आहे की ३.१ हेच तिला दिसेना. मग टिंब दिसलं. तीन पॉइंट एक.

अक्काला आठवलं, महिन्यापूर्वीच्या लॅबच्या कागदावर ८.२ होतं आणि डॉक्टर म्हणाले होते, सातच्या खाली आणा. ते होतं तीन महिन्यांच्या सरासरीचं, म्हणजे एचबीएवनसीचं. ती वेगळीच तपासणी, तिचा आकडा टक्क्यांत असतो. पण मध्यरात्री घामाने निथळत असताना हा फरक कुठे आठवणार? तिला वाटलं, आठाचं तीन झालं, म्हणजे शुगर चांगलीच आटोक्यात आली!

तेवढ्यात अठराचा पाढा आठवला. मला नंतर म्हणाली, "अठरा एके अठरा आलं, अठरा दुणे छत्तीस आलं, आणि पुढे नुसता अंधार गं." ही माझी अक्का. लहानपणी कंदिलाशी बसवून तिने माझ्याकडून तिसापर्यंतचे पाढे घोकून घेतले होते, पावकी-निमकीसकट. तिला अठरा त्रिक चोपन्न आठवेना!

आणि आठवणार कसं? आपल्या मेंदूचं रोजचं इंधन म्हणजे ग्लुकोज. साखर फार खाली गेली की आधी गोंधळ उडतो तो डोक्याचा. ७०च्या खाली साखर कमी समजतात, ५४च्या खाली गंभीर. अक्काची होती ५६च्या आसपास. ज्या क्षणी माणसाचं डोकं चालेनासं होतं, नेमक्या त्याच क्षणी मशीन त्याला म्हणतं, गुणाकार करा!

पाणी प्यायला उठली, तर हातातला तांब्या पडला. त्या आवाजाने शेजारच्या वहिनी धावत आल्या. त्यांच्या सासऱ्यांना शुगर होती, त्यामुळे बघताक्षणी ओळखलं. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांत अक्का भानावर आली, मग दूध-पोहे खायला लावले. द्वादशीआधीच पारणं झालं म्हणायचं. (इथेच सांगून ठेवते. माणूस शुद्धीवर असेल, गिळता येत असेल, तरच तोंडाने साखर द्यायची. बेशुद्ध असेल तर तोंडात काही न ओतता थेट दवाखाना गाठायचा.)

सकाळी भाच्याचा मला फोन आला. रडवेला झाला होता. म्हणाला, "मावशी, मी सगळ्यात चांगलं मशीन घेतलं होतं गं." मला काय बोलावं ते सुचेना. खोटं नव्हतं ते. मशीनने आकडा बरोबरच दाखवला होता. पण तो अक्काला सांगितला नव्हता.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक विचार घोळतोय, तो स्पष्टच मांडते. मधुमेह जुना झाला की तो डोळे आणि बोटं यांवरच डोळा ठेवतो. नजर अधू होते, बोटांची जाणीव जाते. आणि या रोगाचं मशीन वापरायला लागतं काय? नजर आणि बोटं! बारीक पट्टी बारीक फटीत सरकवा, बोटाला अचूक टोचा, थेंब पट्टीच्या टोकाला नेमका लावा, बारीक आकडा वाचा. ज्याला मशीनची गरज सर्वांत जास्त, त्यालाच ते वापरणं सर्वांत अवघड. म्हणून माझं मत असं, की मशीनची निवड त्याच्या गुणांवरून न करता वापरणाऱ्याच्या उणिवांवरून करावी. आणि ती निवड वापरणाऱ्यानेच करावी, त्याच्या लेकराने नाही.

आता थोडं मागे जाते. आमच्या अण्णांनाही मधुमेह होता. १९६०च्या आसपासची गोष्ट. तेव्हा घरी रक्त तपासायचा प्रश्नच नव्हता. पडवीत स्पिरिटचा दिवा, काचेची परीक्षानळी आणि बेनेडिक्टचं निळं औषध. नळीत पाच मिलिलिटर औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, मग पिवळं, नारिंगी, आणि विटकरी झालं तर भरपूर. आजी सोवळ्यातून लांबूनच बघायची आणि म्हणायची, "आज विटकरी आहे, भात मिळायचा नाही." आजीला अक्षरओळख नव्हती. पण ती तपासणी तिला वाचता येत होती.

ती पद्धत चांगली होती असं मी म्हणत नाही. लघवीत साखर उतरते ती साधारण १८०च्या वर गेल्यावर. शिवाय ती तासन्‌तास आधीची शिळी बातमी. साखर कमी झाली हे तर ती कधीच सांगू शकत नसे. अक्काच्या त्या रात्री ते औषध छान निळं राहिलं असतं आणि आजी निर्धास्त झोपली असती. तरी एक गोष्ट खरी, वाचायला ती सोपी होती. अचूकपणा वाढवताना आपण सोपेपणा कुठे ठेवून आलो, असं मला वाटत राहतं.

रक्तातली साखर मोजायचं मशीन अमेरिकेत निघालं तेसुद्धा पेशंटसाठी नव्हतं. तिथे रिचर्ड बर्नस्टीन नावाचे एक इंजिनियर होते, बाराव्या वर्षापासून मधुमेह. १९६९ साली त्यांनी एका नियतकालिकात या मशीनची जाहिरात पाहिली. सव्वा किलोहून जास्त वजन आणि किंमत ६५० डॉलर. पण कंपनी ते फक्त डॉक्टरांना आणि रुग्णालयांना विकायची. बर्नस्टीन यांची पत्नी डॉक्टर होती, म्हणून तिच्या नावावर त्यांनी ते मिळवलं आणि दिवसातून अनेकदा स्वतःचं रक्त तपासून स्वतःची साखर ताब्यात आणली. पेशंटच्या हाती हे मशीन द्या असं ते सांगत राहिले, पण इंजिनियरचं कोण ऐकणार? तेव्हा पंचेचाळिसाव्या वर्षी ते वैद्यकीय महाविद्यालयात शिकायला गेले आणि डॉक्टर झाले. २०२५ साली, वयाच्या ९०व्या वर्षी ते गेले. पेशंटला आपलं आपल्याला कळलं पाहिजे, यासाठी एका माणसाने एवढी खटपट केली. आणि आज मशीन घरोघरी आहे, पण पुष्कळ घरांत ते मुलाच्या, सुनेच्या नाहीतर कपाटाच्या ताब्यात आहे!

असो. ऑगस्टमध्ये पावसाने जरा उघडीप दिल्यावर मी साताऱ्याहून एसटीने निघाले आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळुणात पोचले. आठ दिवस राहिले. पहिल्याच दिवशी एक शोध लागला. मशीन भलतेच आकडे दाखवत होतं, सकाळी एक, पाच मिनिटांनी दुसरा. बघते तर अक्काने स्ट्रिपा स्टीलच्या छोट्या डबीत काढून ठेवलेल्या, वेलदोडे ठेवतो तशा. का, तर मूळ डबीचं झाकण तिच्या बोटांना उघडत नव्हतं. आता त्या झाकणाला आणि डबीला अर्थ असतो. आत ओल शोषून घेणारा पदार्थ असतो. स्ट्रिपवर एक विकर असतं, त्याची रक्तातल्या ग्लुकोजशी क्रिया होते, त्यातून अगदी बारीक वीजप्रवाह निघतो आणि मशीन तो मोजतं. कोकणातल्या पावसाळ्यात स्ट्रिप उघडी राहिली की ते विकर बिघडलंच म्हणून समजा. फ्रिजमध्येही ठेवायच्या नाहीत. पण हे अक्काला कोणी सांगायचं? मशीनबरोबरचं माहितीपत्रक उलगडलं तर पदराएवढं लांब, आणि अक्षरं मुंगीएवढी.

तिथल्या मेडिकलमध्ये त्या मशीनच्या स्ट्रिपा मिळतही नव्हत्या. म्हणजे लंडनहून कोणी येईल तेव्हा स्ट्रिपा येणार. मग मी ठरवलं, नवीन मशीन घ्यायचं आणि अक्काने निवडायचं. दुकानदार भला माणूस. दुपारच्या निवांत वेळी त्याने तीन मशीनं काउंटरवर मांडली. मी पर्यवेक्षक, अक्का परीक्षक आणि मशीनं परीक्षार्थी!

पहिला प्रश्न दिसण्याचा. आकडा केवढा, काळ्यावर पांढरा की राखाडीवर राखाडी, आतून उजेड येतो का. चष्मा काढून हातभर अंतरावरून अक्काला वाचता आलं पाहिजे, कारण रात्री चष्मा सापडेलच असं नाही. यात एक मशीन नापास.

दुसरा प्रश्न स्ट्रिपचा. डबी एका हाताने उघडते का? स्ट्रिप रुंद आणि ताठ आहे का? रक्त कुठे लावायचं ते चाचपून कळतं का? हल्लीच्या मशीनला अर्धा ते एक मायक्रोलिटर रक्त पुरतं, म्हणजे मोहरीपेक्षाही लहान थेंब. पण तो नेमक्या जागी लागायला हवा. काही मशीनं रक्त कमी पडलं तर काही सेकंद थांबतात आणि त्याच स्ट्रिपवर आणखी लावू देतात. थरथरत्या हाताला ही केवढी दया! अक्काने हे मशीन हातातून सोडलंच नाही.

तिसरा प्रश्न टोचायच्या पेनाचा. सगळे जण मशीन बघतात, पेन कोणी बघत नाही. आणि खरी अडचण तिथेच असते. टोपण काढा, सुई बसवा, खटका ओढा. हे अक्काने स्वतः चार वेळा करून बघितलं. एका पेनाचा खटका तिच्या अंगठ्याला ओढवेना, ते बाद.

चौथा प्रश्न आकड्याचा. मिलिग्रॅममध्येच हवा. गुणाकार, भागाकार, कोड जुळवणं काही नको. जुन्या मशीनना स्ट्रिपच्या डबीवरचा कोड भरावा लागे आणि तो चुकला की आकडा चुके. आता कोड न लागणारी मशीनं सर्रास मिळतात.

पाचवा प्रश्न खर्चाचा. इथे मात्र मी सगळ्यांना कळकळीने सांगते. मशीनच्या किमतीकडे बघू नका, स्ट्रिपच्या बघा. मशीन म्हणजे स्वस्तात दिलेला स्टोव्ह, रॉकेल जन्मभर घ्यायचं आहे. स्ट्रिप दहा-पंधरा रुपयांपासून पंचवीस-तीस रुपयांपर्यंत पडते. वीस रुपये धरा, दिवसाला दोन, वर्षाचे झाले १४,६०० रुपये. पेन्शनीत हे बसतं का? नाही बसलं तर माणूस तपासणंच सोडतो, आणि न तपासणारं मशीन कितीही अचूक असलं तरी काय कामाचं? आणि त्या स्ट्रिपा गावातल्या दुकानात मिळतात का, हे तिथेच विचारायचं.

अचूकपणाचं काय, असं तुम्ही विचाराल. विचारायलाच हवं. २०१३ सालच्या आयएसओ १५१९७ या मानकाप्रमाणे साखर १००च्या वर असेल तर शंभरातले पंच्याण्णव आकडे प्रयोगशाळेच्या आकड्याच्या १५ टक्के इकडेतिकडे असले तरी चालतात. १००च्या खाली १५ मिलिग्रॅमचा फरक चालतो. म्हणजे एकाने १६५ दाखवलं आणि दुसऱ्याने १८० तर दोन्ही पास. तेव्हा दोन-चार आकड्यांच्या फरकाने मशीनला शिव्या देऊ नयेत. मानकात बसणारं मशीन घ्यावं आणि एकदा लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त देताना तिथेच आपल्या मशीनवरही तपासून बघावं.

आकडा चुकतो तो बहुतेक वेळा आपल्याच हातांनी. हा माझाच अनुभव. मागच्या उन्हाळ्यात आंबे कापता कापता ह्यांना म्हटलं, जरा माझी शुगर बघा. ३१२! माझ्या पोटात गोळा आला. साबणाने हात धुतले, कोरडे केले, पुन्हा बघितली तर १४६. पोटात न गेलेला आंबा बोटावर होता! तेव्हा हात धुणं, कोरडे करणं हे पाढ्यातलं पहिलं. टोचायचं ते बोटाच्या कडेला, मधोमध नाही, कमी दुखतं. आणि रक्त काढण्यासाठी बोट लिंबासारखं पिळायचं नाही.

तर, अक्काने शेवटी निवडलं ते तिघांतलं सगळ्यात कुरूप मशीन. पांढरं, ढोबळ, साबणाच्या वडीएवढं. दुकानदारालाही जरा वाईट वाटलं. पण आकडे माझ्या अंगठ्याएवढे.

उरलेले दिवस मी एकच काम केलं, काहीच केलं नाही. अक्का चाचपडायची, स्ट्रिप पाडायची, माझे हात शिवशिवायचे. पण फळ्यावर मी गणित सोडवून दाखवलं म्हणजे मुलाला ते आलं असं नसतं, हे पस्तीस वर्षांच्या नोकरीत शिकले होते. पहिल्या दोन दिवसांत पाच स्ट्रिपा वाया गेल्या. शंभर रुपयांची फी म्हणायची. पाचव्या दिवशी तिने दिवा मंद करून, चष्मा न लावता, एकटीने तपासली आणि आकडा मोठ्याने वाचला. मी शेजारच्या खोलीत होते. मुद्दाम.

आता भाच्याची बाजूही मांडायला हवी. तो म्हणतो, "मावशी, हे सगळं जुनं झालं. दंडावर सेन्सर चिकटवला की दोन आठवडे टोचणं नाही, साखर खाली गेली की आपोआप गजर होतो." त्याचं म्हणणं खोटं नाही. इन्शुलिन घेणाऱ्या आणि रात्री साखर खाली जाणाऱ्या माणसाला डॉक्टरही तो सुचवतात. परवडत असेल, मोबाइल हाताळता येत असेल, तर जरूर लावावा. पण दोन आठवडे संपले की दुसरा सेन्सर, आणि एकेकाची किंमत हजारांत. शिवाय तो मोजतो ती थेट रक्तातली साखर नाही, कातडीखालच्या द्रवातली. ती रक्ताच्या काही मिनिटं मागे चालते. म्हणून आकडा आणि अंगाला वाटणारी लक्षणं जुळत नसली तर बोटाला टोचून खात्री करायचीच असते. म्हणजे साबणाच्या वडीला सुट्टी नाहीच. राहता राहिली न टोचता साखर सांगणारी घड्याळं आणि अंगठ्या. अशा वस्तूंवर विसंबू नका, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२४च्या फेब्रुवारीत दिला. त्या प्रशासनाने तोवर अशा एकाही वस्तूला मान्यता दिलेली नव्हती. इथे मात्र त्यांच्या जाहिराती मला रोज दिसतात. कृपा करून कोणी आईवडिलांना ती वाढदिवसाला देऊ नका.

माझं भांडण यंत्राशी नाहीच. परदेशात बोलून आकडा सांगणारी मशीनं आहेत, अंधांसाठी. एखादं मशीन अक्काला स्वच्छ मराठीत "छप्पन्न, साखर खा" असं म्हणालं तर मी त्याची पूजा करीन. आमच्या मेडिकलवाल्याला दोनदा विचारून झालं, तो हसतो. हसण्यासारखं काय आहे? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १० कोटींवर मधुमेही निघाले. त्यातले किती म्हातारे असतील, किती जणांना इंग्रजी येत नसेल, किती जणांना दिसत नसेल! एवढं गिऱ्हाईक असताना आकडा मोठा करायला, झाकण सैल करायला आणि चार शब्द मराठीत बोलायला काय हरकत आहे?

आणि मुलांना एक सांगणं. तुम्ही आईवडिलांच्या काळजीपोटी भारीतलं भारी मशीन घेता, त्यात तुमचा आलेख तुम्हाला दिसतो, तुमचा जीव भांड्यात पडतो. चांगलंच आहे ते. पण आकडा लंडनला कळायच्या आधी आईला कळायला हवा. साखरेची वाटी तिच्या हाताशी आहे, तुमच्या नाही.

भाच्याने हे मनावर घेतलं. लंडनचं देखणं मशीन परत नेलं, तिथल्या एका मित्राला दिलं. अक्का आता कालनिर्णयवर रोजच्या चौकोनात आकडा लिहिते, आणि महिना संपला की शेजारच्या वहिनी त्या पानाचा फोटो काढून लंडनला पाठवतात. आलेख त्याने तिकडे काढावा, त्याला गणिताची आवड आहेच.

२०२५ची आषाढी ६ जुलैला आली. आठ दिवस आधी अक्का स्वतः डॉक्टरांकडे गेली, उपास करणारच असं सांगून इन्शुलिन किती कमी करायचं ते लिहून घेऊन आली. रात्री साडेनऊला माझा फोन वाजला. मी घाबरतच उचलला.

"एकशे अठरा," अक्का म्हणाली. "आणि गुणायचं काही नाहीये."